परतीची वाट आधी ठरवा: मित्रमंडळींसोबत शहरातली रात्र कशी आखायची

आमच्या ग्रुपचं बाहेर जायचं ठरलं की जागा शोधणं, टेबल सांगून ठेवणं आणि हिशेब जुळवणं ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: रात्रीची आखणी शेवटाकडून सुरू करावी. कोण कसं आणि किती वाजता घरी पोहोचणार हे पहिलं. मग रात्रीचा शेवटचा मुक्काम, त्याच्या आधीचं जेवण, आणि भेटायची वेळ सगळ्यात शेवटी. बहुतेक ग्रुप नेमकं उलटं करतात. "आठला भेटू, पुढचं पुढे बघू" असं ठरतं आणि रात्री साडेबाराला रस्त्यावर गाडी शोधत उभं राहताना अख्ख्या संध्याकाळची मजा उतरून जाते.

आधी परतीचं बघा

शेवटची ट्रेन, मेट्रो किंवा बस किती वाजता सुटते ते त्या दिवसाच्या वेळापत्रकात बघा. सुट्टीच्या दिवशी ही वेळ अनेकदा वेगळी असते. मग बैठकीच्या जागेपासून स्टेशनपर्यंत चालत किती वेळ लागतो ते मोजून त्यात पंधरा मिनिटं वाढवा. बिल मागितल्यापासून सगळे जण दाराबाहेर पडेपर्यंत तेवढी मिनिटं सहज जातात.

टॅक्सीने जाणार असाल तर जागा बंद व्हायच्या अर्धा तास आधी निघा. एका भागातली सगळी ठिकाणं साधारण एकाच वेळी बंद होतात, रस्त्यावर एकदम गर्दी उतरते, भाडं चढतं आणि गाड्या मिळेनाशा होतात. स्वतःची गाडी नेणार असाल तर चालवणारा माणूस घरून निघतानाच ठरलेला हवा आणि त्याने त्या रात्री एक घोटही घेऊ नये. "मी कमी पितो, मीच चालवतो" हे उत्तर मान्य करू नका. कमी प्यायल्यानेही आपला अंदाज चुकायला लागतो, आणि तो चुकतोय हे ज्याचं त्याला कळत नाही. चालवणाऱ्याचं जेवण बाकीच्यांनी वाटून घ्यावं. आमच्याकडे हा नियम केल्यापासून चालवायला लोक आपणहून पुढे येतात.

किती जण?

या प्रश्नाकडे लोक फार कमी लक्ष देतात. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली माणसांच्या गप्पांचे गट कसे बनतात याचा अभ्यास मांडला. एका संभाषणात साधारण चार जणांपर्यंत टिकाव लागतो, पाचवा माणूस आला की गप्पा फुटून दोन गट होतात, असं त्यांना दिसलं. तुमच्या पुढच्या जेवणात मोजून बघा, प्रचिती येईल.

म्हणून चौघांचं टेबल सगळ्यात सुखाचं. सहा जण असतील तर गोल टेबल मागा. आठ किंवा जास्त असतील तर एक लांबलचक टेबल घेण्यापेक्षा शेजारी-शेजारी दोन टेबलं घ्या आणि मुख्य जेवण संपलं की जागा बदला. लांब टेबल घ्यावंच लागलं तर ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या माणसाला मधोमध बसवा. टोकाला बसलेल्याला एकच शेजारी मिळतो, आणि तो दुसरीकडे वळला की हा फोन काढून बसतो. टोकाच्या जागा बोलक्या लोकांना द्याव्यात, ते दुरूनही गप्पांत शिरतात.

"कुठंही चालेल" यावरचा उपाय

व्यक्ती तितक्या प्रकृती. सहा जणांना "कुठे जायचं?" विचारलं की चार जण "कुठंही चालेल" म्हणतात आणि ठिकाण सुचवल्यावर नाकं मुरडतात. यात दोष त्यांचा नसतो, प्रश्न चुकीचा असतो. काय हवं ते सांगणं अवघड असतं, काय नको ते चटकन सांगता येतं. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येकाने फक्त एक नकार कळवायचा: फार गोंगाट नको, रांग नको, फार लांब नको, अमुक पदार्थ मला चालत नाही. मग त्या दिवशीचा सूत्रधार उरलेल्यांतून तीन जागा निवडतो, ग्रुपवर पोल टाकतो आणि संध्याकाळपर्यंत जागा पक्की करतो. पोलची मुदत संपली की चर्चाही संपली. सूत्रधार दरवेळी बदला. एकाच माणसावर हे काम पडत राहिलं तर तो थकतो आणि ग्रुप त्याच त्या दोन ठिकाणी फिरत राहतो.

पैशांचा प्रश्न मात्र ग्रुपवर विचारू नका. चारचौघांत "मला परवडणार नाही" म्हणणं कुणालाच सोपं नसतं. सूत्रधाराने एकेकाला वेगळं विचारून ज्याचा आकडा सगळ्यात कमी असेल तो धरून जागा निवडावी, आणि तो आकडा कुणाचा होता हे स्वतःपाशीच ठेवावं. महागड्या ठिकाणी जायचं असेल तर महिनाभर आधी सांगा, म्हणजे ज्याला यायचं आहे तो तयारीने येईल.

जागा पारखताना

ऑनलाइन रिव्ह्यू वाचायचे तर सरासरी तारे बाजूला ठेवा. रिव्ह्यू नव्यापासून जुन्याकडे लावून घ्या आणि तीन तारे देणाऱ्यांचं म्हणणं वाचा. पाच तारेवाला खुशीत असतो, एक तारावाला रागात. तीन तारेवाला बहुतेक वेळा सविस्तर सांगतो: जेवण चांगलं होतं पण चाळीस मिनिटं लागली, आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, मोठ्या ग्रुपला आतल्या कोपऱ्यात बसवलं. तुम्हाला हीच माहिती हवी असते. लोकांनी काढलेल्या फोटोंत टेबलांमधलं अंतर दिसतं, मेनूकार्ड दिसतं, उजेड किती आहे तेही दिसतं. जागेने स्वतः टाकलेल्या फोटोंवर विसंबू नका.

नावाजलेल्या मानांकनांबद्दलही थोडं. मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून त्यात तारे द्यायला सुरुवात केली. ते तारे फक्त ताटातल्या पदार्थांवरून ठरतात. सजावट, सेवा किंवा आठ मित्रांना मोठ्याने हसता येईल का, याचा त्यांच्याशी संबंध नाही. मित्रांसोबतच्या रात्रीसाठी मी टेबल, आवाज आणि वेटरची वागणूक या तीन गोष्टी चवीच्या बरोबरीने मोजतो.

नवी जागा उघडली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मोठा ग्रुप घेऊन जाऊ नका. स्वयंपाकघर आणि वाढणारे यांचा मेळ बसायचा असतो. दोघा-तिघांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी जाऊन यावं, आवडलं तर सगळ्यांना न्यावं.

जागा जवळपास ठरली की फोन करा. बुकिंग अॅपवर होत असलं तरी करा, कारण पुढच्या पाच गोष्टी अॅपवर सहसा नीट कळत नाहीत. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? (दार बंद व्हायची वेळ वेगळी, शेवटची ऑर्डर घ्यायची वेगळी; दोन्हींत तासाभराचाही फरक असू शकतो.) टेबल किती वेळासाठी मिळणार? सगळे आल्याशिवाय बसू देतात का? सर्व्हिस चार्ज बिलात धरलेला असतो का? आणि बिल वेगवेगळं करून देतात का? एकदा आम्ही नऊ जण दहा वाजता पोहोचलो, टेबल बुक होतं, पण स्वयंपाकघर पावणेदहालाच बंद झालं होतं. चूक माझी होती, मी फक्त बंद व्हायची वेळ वाचली होती.

ऐन वेळी बेत बदलला तर टेबल रद्द केल्याचं कळवा. तुमच्यासाठी राखलेल्या टेबलावरून त्यांनी कुणाला तरी परत पाठवलेलं असतं.

एका रात्री तीन मुक्काम

शहर खरंच पालथं घालायचं असेल तर एकाच जागी चार तास बसण्यापेक्षा एक भाग निवडा आणि त्यात तीन थांबे घ्या. पहिल्या ठिकाणी दोन-चार पदार्थ वाटून खायचे, दुसरीकडे पोटभर जेवायचं, तिसरीकडे गोड किंवा कॉफी. दोन थांब्यांमधलं अंतर दहा मिनिटं चालण्याइतकं असावं. त्यापेक्षा जास्त झालं की कुणीतरी गाडी मागवतं आणि ग्रुप फुटतो. या चालण्यातच शहर कळतं: कुठल्या गल्लीत आठवड्याच्या मध्येही गर्दी आहे, कुठे दारात स्थानिक माणसं थांबली आहेत, कुठून लाइव्ह म्युझिक ऐकू येतं. पुढच्या वेळची जागा अशीच सापडते. पायात चालता येतील असे बूट किंवा चपला हव्यात, हे वेगळं सांगायला नको.

टेबल फक्त मधल्या मुक्कामाचं बुक करा. पहिला आणि तिसरा मोकळा ठेवा, नाहीतर फिरण्यातली मजा जाऊन घड्याळ बघणं उरतं. तीन मुक्कामांपैकी एक ओळखीचा असू द्या. दोन नवे प्रयोग फसले तरी रात्र वाया जात नाही.

ऑर्डर देताना

वेटरला "काय चांगलं आहे?" विचारलं तर तो "सगळंच चांगलं आहे" म्हणणार. "इथे रोज सगळ्यात जास्त काय जातं?" असं विचारा. जो पदार्थ सतत बनतो त्याचं साहित्य ताजं असतं आणि त्यावर स्वयंपाक्याचा हात बसलेला असतो.

वाटून खाणार असाल तर मुख्य पदार्थ माणसांपेक्षा एक कमी मागवा. सहा जण, पाच पदार्थ. कमी पडलं तर दुसरी फेरी आहेच. एकदम मागवलेलं अन्न थंड होतं आणि उरतं. पाचांपैकी एक असा मागवा की जो टेबलावर कुणीच आधी खाल्लेला नाही.

अॅलर्जीच्या बाबतीत भिडस्तपणा नको. ऑर्डर देण्याआधी स्पष्ट सांगा, आणि "त्यात ते घालत नाही" एवढ्यावर थांबू नका. त्याच तेलात किंवा त्याच तव्यावर दुसरं काही केलं जातं का, तेही विचारा. तीव्र अॅलर्जी असलेल्याला तेवढा अंशही पुरतो. वेटरला खात्री नसेल तर आत विचारून यायला सांगा. ज्याच्याजवळ अॅड्रेनलिनचं इंजेक्शन असतं त्याने ते कुठे ठेवलं आहे आणि कसं द्यायचं हे शेजारच्या मित्राला बसतानाच दाखवून ठेवावं.

बिल

अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जेवणाचं बिल सारखं वाटून घ्यायचं आहे असं आधी कळलं की लोक जास्त मागवतात, असं त्यात दिसलं. माझ्या जास्तीच्या पदार्थाचा थोडाच भार माझ्यावर पडतो, मग मागवायला काय हरकत, हा हिशेब मनात आपोआप होतो. तुमचे मित्र लबाड आहेत असा याचा अर्थ नाही. पण बिल कसं भरायचं हे मेनूकार्ड उघडायच्या आधी ठरवायला हवं, एवढं नक्की.

खाणं सारखं वाटायचं आणि पिणं ज्याचं त्याने द्यायचं, ही पद्धत आमच्याकडे सगळ्यात कमी कुरकुरीची ठरली आहे. न पिणाऱ्याने दुसऱ्याच्या पेगचे पैसे का द्यावेत? त्यासाठी दारूचं बिल सुरुवातीपासून वेगळं ठेवायला सांगा, शेवटी वेगळं करताना घोळ होतो. दोघंतिघंच असाल तर सरळ टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) करा. मोठ्या ग्रुपमध्ये मात्र त्याने वेटरचे हाल होतात आणि शेवटचे चारशे-पाचशे कुणाचे हे कळत नाही. तिथे निघायच्या आधीच काँट्री, म्हणजे प्रत्येकाचा वाटा, जमा करून एकाकडे द्यावी. बिल आलं की ओळ न ओळ वाचा: न आलेला पदार्थ, दोनदा लागलेला पदार्थ, आणि सर्व्हिस चार्ज. तो आधीच लावलेला असेल तर टीप किती द्यायची ते त्यानुसार ठरवता येतं.

दारूचा हिशेब

ग्लास मोजण्यापेक्षा ग्रॅम मोजा. गणित सोपं आहे: मिलिलिटर गुणिले अल्कोहोलचं प्रमाण (पाच टक्के म्हणजे ०.०५) गुणिले ०.७९. पाच टक्क्यांची ३३० मिलीची बिअर म्हणजे सुमारे १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. बारा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास सुमारे १४ ग्रॅम. चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग सुमारे १९. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढतं. म्हणजे तीन बिअर उतरायला चार-पाच तास लागतात. कॉफीने झोप उडते, गार पाण्याने अंगावर शहारा येतो, पण यकृताचा वेग यांपैकी कशानेही वाढत नाही.

आधी पोटोबा हे इथे शब्दशः खरं आहे. पोटात अन्न असलं की अल्कोहोल जठरातून आतड्याकडे सावकाश सरकतं आणि एकदम चढत नाही. म्हणून तीन मुक्कामांच्या रात्री जेवण मधे ठेवा, पिणं त्यानंतर. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी घ्या, कारण अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबतं. झोपेची किंवा चिंतेवरची गोळी घेणाऱ्याने दारू टाळावीच. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

आणि जो घेत नाही त्याला "एक तरी" असा आग्रह करू नका, कारणही विचारू नका. माझ्या दृष्टीने चांगल्या ग्रुपची ही पहिली ओळख आहे.

क्लबच्या दारात आणि आत

निघायच्या आधी चार गोष्टी तपासा: मूळ ओळखपत्र लागतं का, कपड्यांचे काही नियम आहेत का, कव्हर चार्ज (आत जायचे पैसे) किती आणि तो खाण्यापिण्यातून वळता होतो का, आणि एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतात का.

आत शिरल्यावर पहिलं काम दुसरं दार शोधणं. याबाबत मी कधीच सवलत देत नाही. १९४२ साली बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. मुख्य वाटेवरचं फिरतं दार माणसांच्या रेट्याने अडकलं होतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्याच र्‍होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० जणांचा जीव गेला. इतर दारं असूनही बहुतेक गर्दी ज्या दाराने आत आली त्याच दाराकडे धावली. घाबरलेला माणूस ओळखीच्या वाटेने जातो, म्हणून दुसरी वाट आधीच ओळखीची करून ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे. ते दार कुलूपबंद असेल किंवा त्यापुढे खुर्च्या रचलेल्या असतील तर आम्ही तिथून निघतो.

आवाजाचंही गणित आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांसाठी सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेसमोर १०० सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी शिफारस केली तीही सरासरी १०० डेसिबलच्या कमाल मर्यादेची. स्पीकरपासून लांब उभे राहा, तासातून दहा मिनिटं बाहेर या, खिशात इअरप्लग ठेवा. त्यांनी आवाज कमी होतो, गाणं मरत नाही. गप्पा मारायच्या असतील तर क्लबला लवकर जाऊ नका. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली नोंदवलं. एका टेबलाचा आवाज चढला की शेजारचं टेबलही चढवतं आणि रात्री अकराला कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.

आत नेटवर्क नसतं असं धरूनच चाला. दर तासाला भेटायची एक जागा ठरवा, बारच्या डाव्या टोकाला म्हणा. स्वतःचा ग्लास हातात ठेवा. टेबलावर सोडून गेलात तर परत येऊन तो पिऊ नका. एखाद्या मित्राला प्यायलेल्या मानाने अचानक फार चढल्यासारखं झालं तर ग्लासात काही मिसळलं असण्याची शंका घ्या, त्याला एकटं सोडू नका आणि कर्मचाऱ्यांना लगेच सांगा.

कुणी कोसळलं तर

"झोपू दे, उतरेल" हे सगळ्यात धोकादायक वाक्य आहे. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातलं अल्कोहोल रक्तात उतरत राहतं, त्यामुळे झोपलेल्याची अवस्था आणखी बिघडू शकते. हलवून, हाक मारून जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास चालत असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर अँब्युलन्स बोलवा. ती येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, मान किंचित मागे ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. उलटी मुद्दाम काढायला लावू नका, काही पाजू नका, शेजारून हलू नका.

घरी आणि दुसऱ्या दिवशी

गाडीत बसायच्या आधी नंबर अॅपवरच्या नंबराशी जुळतो का बघा, मागच्या सीटवर बसा, लोकेशन ग्रुपवर टाका. "पोहोचलो" हा मेसेज सगळ्यांनी टाकायचा, मुलग्यांनीसुद्धा. यादी सूत्रधाराकडे, ज्याचा मेसेज आला नाही त्याला तो फोन लावतो आणि तोवर झोपत नाही.

हिशेब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटवा. आठवडा उलटला की मागणाऱ्याला अवघड वाटतं आणि देणारा विसरतो.

आणि एक वही ठेवा, फोनमध्ये चालेल. जागेचं नाव, काय खाल्लं, शेवटची ऑर्डर किती वाजता घेतली, आवाज किती होता, कुणाला काय चालत नाही. माझ्या वहीतल्या काही नोंदी एका ओळीच्याच आहेत: "जिन्याखालचं टेबल नको, खिडकीपाशी सहा जण बसतात, सातच्या आत फोन करावा."